इनामदार सरांचा चौथा देश

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या नव्या टाकीवरून भांडण ऐन रंगात आलं होतं. तेवढ्यात इनामदार सर उठले, तोंडात दोन बोटं घातली, वरची कवळी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

ज्यांना टाकी भोसरीहून आणायची होती ते आणि ज्यांना चिंचवडहून आणायची होती ते, दोन्ही पक्ष कवळीकडे बघत राहिले.

"हे कुथून आये?" सरांनी विचारलं. स्वतःचा उच्चार स्वतःलाच सहन न होऊन त्यांनी कवळी परत बसवली, जबडा उघडून मिटून बघितला आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाले, "हे दात कुठून आले, सांगेल कुणी?"

"दवाखान्यातून," मागून कुणीतरी म्हणालं.

"लिश्टनस्टाइनहून! आल्प्स पर्वतातला एवढासा देश. विमानतळ नाही, समुद्र नाही, सैन्य नाही. तरी तिथले दात इथवर येऊन माझ्या तोंडात नीट बसले. आणि आपण इथे भोसरी की चिंचवड करतोय. जिथली टाकी गळत नाही तिथली घ्या आणि मोकळे व्हा. चहा निवतोय."

चहा खरंच निवत होता. ठराव एकमताने मंजूर झाला.

मी मूळची यवतमाळची. लग्नानंतर पुण्यात आले, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात लागले आणि विश्रांतवाडीतल्या या सोसायटीत राहायला आले. यवतमाळ म्हटलं की पुण्यातली माणसं "हो हो, नागपूरकडे" म्हणून विषय संपवतात. इनामदार सर पहिल्यांदा भेटले ते लिफ्टमध्ये. "आपण कुठल्या?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सरांनी डोळे मिटले. "म्हणजे वर्धा आणि पैनगंगा यांच्या मधल्या. काळी जमीन, कापूस, उन्हाळा कडक. बरोबर आहे. बसा."

लिफ्टमध्ये बसायला काही नव्हतं. पण महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या तोंडून बरोबर उत्तरानंतर 'बसा'च येणार.

मी खरेदी विभागात आहे हे कळल्यावर त्यांनी माझं नाव खरेदीबाई ठेवलं. माझं खरं नाव त्यांना माहीत आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही.

सरांचा जन्म कसबा पेठेतला. वडिलांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. कुणीतरी एक फाटका नकाशासंग्रह बांधायला टाकून गेलं आणि न्यायला परत आलंच नाही. "त्या गिऱ्हाइकाचे माझ्यावर उपकार आहेत," सर म्हणतात. "त्याची स्मरणशक्ती चांगली असती तर मी आज खळ लावत बसलो असतो." तेव्हापासून त्यांना सगळं जग एका वर्गासारखं दिसतं. मोठे देश पहिल्या बाकावर बसतात आणि एकमेकांच्या पट्ट्या मोडतात. मधले देश त्यांच्याकडे बघून हसायचं की घाबरायचं, ते ठरवत बसतात. आणि शेवटच्या बाकावर छोटी छोटी पोरं असतात, त्यांची हजेरी घ्यायला मास्तर विसरतो. कोणताही विषय काढा, सर म्हणणार, "नकाशा उघडा! आणि मागच्या बाकाकडे बघा."

दातांचं असं झालं. सरांचे वरचे दात एकेक करून रजेवर गेले तेव्हा ते कोपऱ्यावरच्या डॉक्टर केतकीकडे कवळी करायला गेले. ती सहज बोलून गेली, "सर, दात इम्पोर्टेड आहेत बरं का, लिश्टनस्टाइनचे." सर खुर्चीत ताठ झाले. डॉक्टरला वाटलं, दुखलं.

"दुखलं नाही हो," सरांनी मला नंतर सांगितलं. "लाज वाटली. मी त्या देशाला निवृत्त होईपर्यंत अर्धं वाक्य दिलं. 'व काही छोटी राष्ट्रे.' एवढंच. आणि त्यानं मला तोंड भरून दात दिले."

त्या दिवसापासून सरांनी लिश्टनस्टाइनची बाजू घेतली. स्वातंत्र्यदिनाला झेंडावंदन झाल्यावर ते पुढे आले आणि म्हणाले, "योगायोग बघा. आज आणखी एका देशाचा राष्ट्रीय दिवस आहे." मुलांनी देशाचं नाव म्हणून बघितलं. कुणाचं लिस्टन झालं, कुणाचं स्टाइल. ज्याला बरोबर म्हणता येईल त्याला सर एक जिलबी जादा देत होते. सोसायटीतल्या एकूण एक पोरांना ते नाव आजही पाठ आहे.

मग करार आला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टनस्टाइन या चार देशांच्या गटाशी आपल्या देशाचा व्यापार करार. त्यांच्या मालावरचं आयात शुल्क आपण टप्प्याटप्प्याने कमी करायचं, आपल्या मालाला त्यांनी दार उघडायचं, आणि वर त्यांनी इथे येऊन कारखान्यांत गुंतवणूक करायची, असं ठरलं. आमच्या कंपनीत त्यावर बैठका सुरू झाल्या, कारण आमची अर्धी यंत्रं स्वित्झर्लंडची. वर्तमानपत्रांत चॉकलेटचे आणि घड्याळांचे फोटो आले.

सरांनी पेपर घेऊन माझ्या घराची बेल वाजवली. "खरेदीबाई, हे वाचा. 'स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी देश.' आदी! अहो, चारच तर नावं आहेत. शाई संपली होती का?"

त्यांनी संपादकांना पत्र पाठवलं. ते छापूनही आलं. त्यात देशाचं नाव 'लिस्टनस्टार' असं छापलं होतं. सर दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

मात्र करार लागू झाल्याची बातमी आली त्या सकाळी सर पेढ्यांचा पुडा घेऊन गेटवर उभे होते.

"सर, नातू झाला?" वॉचमनने विचारलं.

"करार झाला."

"कुणाचा?"

"आपला."

संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी पसरली की बिल्डरशी करार झाला, इमारत पाडणार आणि इनामदार सरांनी आतून सही केली. अध्यक्ष धावत आले. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तर सामान बांधायला घेतलं होतं. सरांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये उभं केलं, जिन्याच्या भिंतीला नकाशा टेकवला आणि चारही देश दाखवले. चौथा दाखवताना भिंग लागलं. आजींनी भिंगातून नीट बघून विचारलं, "मग इमारत पडायची नाही ना?"

"लिश्टनस्टाइनकडून धोका नाही," सर म्हणाले.

या सगळ्यात सरांचा एक पक्का श्रोता होता, तो म्हणजे तळमजल्यावरचे गायकवाड. गायकवाड मूळचे आळंदी रस्त्यावरच्या एका गावचे. जमीन शहरात गेली तेव्हा त्यांनी भोसरीला एक शेड घेतली, लेथ आणि ड्रिलिंगची यंत्रं टाकली आणि लोखंडी बुश, पिना असले बारीक भाग करून मोठ्या कारखान्यांना पुरवायला लागले. रोज संध्याकाळी जनरेटरजवळच्या बाकावर दोघं बसायचे. सर पेपर मोठ्याने वाचायचे आणि गायकवाड ऐकायचे. मध्ये भाजलेल्या शेंगांचा पुडा. सर नव्या दातांनी शेंगदाणे कडाकडा चावायचे. गायकवाडांचे पुढचे दात मागे एका खड्ड्यात स्कूटर गेली तेव्हा त्या खड्ड्यातच राहिले. ते दाणा थेट दाढेवर टाकायचे. हसताना तोंडावर हात धरायचे. सर म्हणायचे, "कवळी करा." गायकवाड म्हणायचे, "बघू." यापुढे तो विषय जायचा नाही.

पेढे वाटल्यानंतर दोन-चार दिवसांनी गायकवाड बाकावर आले, पण बसले नाहीत.

"सर, एक इचारू? तुमी पेढे वाटले. पण ह्यो करार झाला तर तिकडनं तयार माल येनार का न्हाई? मग माझ्या शेडमदी काय कबुतरं पाळू?"

सर खुशीत होते. वर्गात हुशार मुलाने शंका विचारावी तसे ते सरसावले. "छान प्रश्न. नकाशा उघडा..."

"नकाशा ऱ्हाऊ द्या!" गायकवाडांचा आवाज एकदम चढला. "तुमचं प्येन्शन येतंय. तुमाला दुनिया म्हंजी कागुद हाय. मला तिथं धा मान्सांचा पगार करायचाय."

ते निघून गेले. सर हातात शेंग धरून बसले. ती त्यांनी सोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी गायकवाड आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. सरांनी पेपर वाचायचा प्रयत्न केला. जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला ते एकेक मथळा वाचून दाखवत होते, पण लोक "हो का" म्हणून पुढे जात होते. शेवटी मी सापडले.

"खरेदीबाई, बसा. मला एक सांगा. मी बरोबर होतो ना?"

"कशात?"

"गायकवाडांना मी सांगणार होतो ते ऐका. तिकडून येणार आहेत ती मुख्यतः यंत्रं. जो यंत्रं बनवतो त्यानं घाबरावं. गायकवाड यंत्रावर माल बनवतात. यंत्र स्वस्त झालं तर त्यांचा फायदाच. शिवाय शुल्क एका रात्रीत जात नाही, हळूहळू उतरतं. तोवर सावरायला वेळ आहे. आणि तिकडचे कारखानदार इथे कशाला येणार? गायकवाडांसारखे लोक शोधायलाच. पहिल्या बाकावरच्यांनी एकमेकांसमोर शुल्काच्या भिंती बांधायला घेतल्यात. मागचे काय करणार? सरकून एकमेकांजवळ बसणार. हे चौघे युरोपीय संघाच्या मोठ्या टोळीतसुद्धा नाहीत. त्यांना मित्र हवाय, आपल्यालाही हवाय. चूक आहे का?"

"चूक नाही," मी म्हटलं. "पण असं होईलच असंही नाही. आमच्या कंपनीतसुद्धा दोन मतं आहेत. काही छोटे कारखाने बसतीलही."

सरांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तेच. मी उत्तर द्यायला निघालो होतो, आणि तो माणूस घाबरला होता. घाबरलेल्या मुलाला आधी पाणी द्यायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सर बस बदलत भोसरीला गेले. तिथे काय झालं ते मला गायकवाडांकडून कळलं. सर शेडमध्ये शिरले, एका स्टुलावर बसले आणि दुपारपर्यंत काही बोलले नाहीत. गायकवाडही बोलले नाहीत. शेवटी गायकवाडांनी डबा उघडला, अर्धी भाकरी पुढे केली आणि म्हणाले, "खावा. तुमाला दात हायेत."

सर हसले. गायकवाड हसले, तोंडावर हात धरून. झालं.

सर माझ्याकडे आले ते थेट कामाचं बोलायलाच. "आपल्या कंपनीत स्वित्झर्लंडचे पाहुणे येतात ना? त्यांना गायकवाडांची शेड दाखवा."

योग असा, की आमच्या स्विस भागीदार कंपनीचे दोन पाहुणे खरंच येणार होते आणि त्यांना पुण्यातले छोटे पुरवठादार बघायचे होते. मी माझ्या साहेबांना सांगून यादीत गायकवाडांचं नाव घातलं. त्यांचा माल आमच्याकडे यायचाच आणि कधी परत गेला नव्हता, त्यामुळे शिफारस करायला मला अवघड वाटलं नाही.

अवघड निघाले गायकवाड. "मी न्हाई बोलनार पावन्यांसंगं. तोंड उघडलं की खिंडार दिसतं."

"मग दात बसवा," सर म्हणाले.

"डाक्टर ड्रिल लावतीया."

"तुम्ही दिवसभर ड्रिल चालवता!"

"म्हनून तर. त्याच्याखाली जे असतं त्याची काय गत होती ती मला म्हाईत हाय."

"तुम्ही लोखंड आहात का?"

"न्हाई ना सर. लोखंड असतो तर भ्यालो नसतो."

सरांनी त्यांना हात धरून केतकीकडे नेलं. मीही गेले, कारण ते पळाले तर पकडायला दोघं लागतील असं सरांचं म्हणणं होतं. गायकवाड खुर्चीत डोळे घट्ट मिटून बसले. त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायला सर शेजारच्या स्टुलावरून विचारत होते, "नॉर्वेची राजधानी?" गायकवाड तोंड उघडं ठेवून म्हणाले, "आ आ."

"ऑस्लो. बरोबर. आइसलँडची?"

"आ आ आ."

"रेक्याविक. शाब्बास."

"सर," केतकी म्हणाली, "मी अजून सुरुवात केलेली नाही. फक्त बघतेय. आणि यांना ड्रिलची गरजच नाही, मापं घेऊन काढता-घालता येतील असे दात करू."

गायकवाडांनी एक डोळा उघडला. "ड्रिल न्हाई?"

"नाही."

"मग ह्ये आदी सांगायचं ना! इतकी वर्सं मी दाना दाढंवर टाकतोय."

पाहुणे आले त्या दिवशी शेड धुऊन काढली होती. दाराला तोरण. गायकवाड इस्त्रीच्या शर्टात, नवे दात घालून, पण सवयीने हात तोंडाजवळच. सर टाय लावून आले होते. दुभाषा म्हणून गायकवाडांनी त्यांनाच मागितलं होतं. "बाई, तुमी कंपनीच्या. सर आपले."

पाहुण्यांमध्ये एक उंच बाई होत्या, त्या सगळं ठरवणार. बरोबर एक शांत, पांढऱ्या दाढीचा इंजिनिअर. बाईंनी एक बुश हातात घेतला आणि इंग्रजीत विचारलं, "यात तुमचा टॉलरन्स किती?" म्हणजे मापात फरक किती राहतो. फरक जितका कमी, तितका कारागीर चांगला. सरांना इंग्रजी उत्तम येतं, पण ते भूगोलाचं.

ते गायकवाडांकडे वळले. "विचारतायत, तुमची सहनशक्ती किती आहे?"

गायकवाड गहिवरले. "लई हाय म्हनावं. निस्त्या सहनशक्तीवरच शेड चाललीया."

सर अभिमानाने इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, प्रचंड! सगळी शेड त्यावरच चालते."

बाईंनी बुश खाली ठेवला. इंजिनिअरने वही मिटली. मी मध्ये पडले, एका दमात बाईंना इंग्रजीत आणि गायकवाडांना मराठीत गोंधळ समजावला. मग गायकवाडांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग ते मोठ्याने हसायला लागले आणि त्या नादात तोंडावरचा हात कधी खाली आला ते त्यांना कळलंच नाही. सगळे दात दिसले. बाई हसायला लागल्या. गायकवाडांनी तोच बुश उचलला, मायक्रोमीटर काढून बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमीच मोजा." याचं भाषांतर कुणाला करावं लागलं नाही. बाईंनी मोजलं, पेटीतले आणखी काही उचलून मोजले, आणि इंजिनिअरने वही पुन्हा उघडली.

चहाच्या वेळी सरांनी इंजिनिअरला गाठलं. घसा साफ केला. "आपण कधी लिश्टनस्टाइनला गेला आहात का?"

तो गृहस्थ हसला. म्हणाला, माझं घर ऱ्हाइन नदीच्या काठावर आहे. नदीच्या पलीकडे लिश्टनस्टाइन. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो.

सरांनी कप खाली ठेवला. "तुम्ही," ते कसेबसे म्हणाले, "भांडी घासताना लिश्टनस्टाइन बघता?"

"रोज."

"कसा आहे?"

त्याने थोडा विचार केला. "शांत. पावसानंतर मागचा डोंगर फार जवळ आल्यासारखा वाटतो."

सरांनी मान हलवली. मग त्यांची दोन बोटं हळूच तोंडाकडे निघाली. मी आणि गायकवाड एकदम ओरडलो, "सर, नको!"

काम मिळालं. आधी नमुन्यापुरतं, मग नेहमीचं. सगळ्यांचंच असं झालं नाही. गायकवाडांच्या शेजारच्या गाळ्यात छोटी यंत्रं जुळवणारे एक गृहस्थ होते, ते अजून काळजीत आहेत, आणि हल्ली सर कुणालाही "घाबरू नका" असं पटकन म्हणत नाहीत. पण गायकवाडांची शेड दोन पाळ्यांत चालायला लागली. त्या शेजारच्या गाळ्यातली दोन माणसं त्यांनी आपल्याकडे घेतली. एक जुनं स्विस यंत्र घ्यायचं चाललंय.

सर सोसायटीत मिरवत होते. "कराराचा परिणाम वर्तमानपत्रात काय शोधता? खाली पार्किंगमध्ये बघा. गायकवाडांची स्कूटर आहे का? नाही! हा परिणाम."

खरंच नसायची. गायकवाड सकाळी लवकर जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. रविवारीसुद्धा शेड. जनरेटरजवळच्या बाकावर आता शेजारच्या इमारतीतल्या बायका भाजी निवडत बसतात. सर त्यांनाही एकदा मथळे वाचून दाखवायला गेले होते. त्यांनी मेथीची एक जुडी सरांच्या हातात दिली.

सरांची बायको, आमच्या नसीमभाभी, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी सोलापूरला असते, सकाळी फोन करते. ईदला शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन सर स्वतः दारोदार फिरतात आणि प्रत्येक घरी थोडं थोडं बसतात. माणूस इतका गडबडीत, इतका बोलका, की बाकीच्या संध्याकाळी तो काय करतो असं कधी मनातही आलं नाही.

एका संध्याकाळी मी बाल्कनीत कपडे काढत होते. खाली गेटपाशी सर उभे दिसले. हात मागे बांधलेले, तोंड आळंदी रस्त्याच्या वळणाकडे. वॉचमनने विचारलं, "सर, कुणाची वाट बघताय?"

"वारा खातोय," सर म्हणाले.

वारा अजिबात नव्हता. बऱ्याच वेळाने वळणावर एका स्कूटरचा दिवा दिसला. ती गायकवाडांचीच होती, फट फट आवाजावरून कळलं. सरांनी मान उंच करून खात्री केली आणि मग जे केलं ते बघून मी कपडे हातात धरून तशीच उभी राहिले. ते झटकन वळले, पार्किंगच्या मागून, त्या वयात जवळजवळ पळत, जिन्यात शिरले. गायकवाड स्कूटर लावून, मान मोडत, जांभई देत घरात गेले. गेटवर कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

शेवटी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मी विचारलंच, "सर, एवढा वेळ थांबता, आणि ते आले की पळता कशाला? दोन शब्द बोलायचे ना."

सर लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी तिरकस ऐकायला मिळणार.

"अहो, माणूस दमून येतो," ते म्हणाले. "दारात कुणीतरी वाट बघत उभं दिसलं की त्याला वाटतं, आपण बसायला हवं होतं, आपण चुकतोय. आत्ता कुठे त्याचं चांगलं चाललंय. त्याला कशाला असं वाटू द्यायचं? रस्ता खराब आहे, एकदा पडलाय. नीट घरी आला एवढं बघितलं की मला जेवण जातं."

त्यांचा मजला आला. ते उतरले आणि नेहमीसारखं "बसा" म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाक लवकर उरकला आणि खाली गेले. सर गेटपाशी होतेच. मी शेजारी जाऊन उभी राहिले. ते जरा दचकले.

"आपण इथे काय करताय?"

"वारा खातेय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग आजूबाजूच्या झाडांकडे, ज्यांचं पानही हलत नव्हतं. मग पुन्हा रस्त्याकडे.

"खा," ते म्हणाले. "पण जरा इकडे सरकून उभ्या राहा, खरेदीबाई. तिथे आपण वळण झाकताय."